आठ फुटी डिंगीत माणसं किती?

मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या यॉटवर जायचं तर आधी छोट्या डिंगीत उतरावं लागतं. यॉट घेताना लोक महिनोन्‌महिने चौकशी करतात. डिंगी मात्र मिळेल ती घेतात. पण अंधारात, सामानसुमान घेऊन, लाइफ जॅकेट न घालता माणसं प्रवास करतात ती याच डिंगीतून. म्हणून तिची निवड हलक्यात घेऊ नये.

‘आठ फुटीत चौघे आरामात मावतात’ हा सगळ्यांत घातक समज. बसायला जागा होते, हे खरं. पण अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लहान होड्यांसाठी एक साधा हिशेब रूढ आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. आठ फूट लांब, चार फूट रुंद डिंगीचं उत्तर येतं दोन. तेही शांत पाण्यात. एवढ्या डिंगीत प्रत्येक माणसागणिक काठ अंदाजे चार-पाच सेंटिमीटर खाली जातो. चौघे बसले, वर पाण्याचे कॅन ठेवले, की शेजारून गेलेल्या मांडव्याच्या लाँचची एक लाट आत यायला पुरते. चौघांना न्यायचं असेल तर दोन खेपा कराव्यात.

टोकदार नाळेची, म्हणजे पुढून निमुळती, डिंगीच चांगली, असंही मानतात. लाटा कापायला ती बरी, पण पुढची जागा वाया जाते. तेवढ्याच लांबीत चपट्या नाळेची होडी जास्त ओझं घेते. मुलं शिडं चालवायला शिकतात ती ऑप्टिमिस्ट अशीच आहे. क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये फ्लोरिडात ती आखली, प्लायवुडच्या आठ फुटी तक्त्यांतून निघेल अशी. समोरून येणाऱ्या लाटांत मात्र चपटी नाळ आपटते आणि पाणी उडवते.

‘फायबरची होडी बुडत नाही’ हेही खरं नाही. फायबरग्लास पाण्यापेक्षा जड असतो. होडी तरंगते ती आतल्या पोकळीमुळे. पाणी भरलं की तिला वर धरायला बाकांखाली बंद कप्पे किंवा फोम लागतो. एक लिटर बंद हवा साधारण एक किलो भार पेलते. विकत घेण्यापूर्वी कमरेइतक्या पाण्यात डिंगी काठोकाठ भरून बघावी. विकणारा नको म्हणाला तर दुसरीकडे जावं.

रबरी डिंगी स्थिर असते, हे मान्य. काठावर पाय दिला तरी ती सहसा कलंडत नाही. पण मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्यांवरची कालवं उघडी पडतात आणि त्यांची धार रबर फाडते. अशा डिंगीचं पीव्हीसीही उन्हाने लवकर खराब होतं. शिवाय वाऱ्याविरुद्ध रबरी डिंगी वल्हवणं फार कष्टाचं. इंजिन बंद पडल्यावर तिथेच कस लागतो. आमच्या किनाऱ्यावर मी कडक डिंगीच घेईन.

मोठं इंजिन लावून फायदा नाही. वल्ह्याची आठ फुटी डिंगी स्वतःच्या लाटेत अडकते. साडेतीन नॉट्सच्या आसपास तिचा वेग थांबतो. दोन-अडीच हॉर्सपॉवर पुरे. त्याहून जड इंजिन मागचा भाग पाण्यात दाबतं.

राहिलं डिंगी यॉटमागे ओढून नेणं. बंदरात चालतं. उघड्या समुद्रात मागून येणाऱ्या लाटा डिंगी भरून टाकतात, म्हणून ती डेकवर उलटी बांधावी. त्यासाठी दोघांना उचलता येईल एवढंच, 40 किलोंच्या आतलं वजन निवडावं. ओढताना वल्ही आणि इंजिन काढून घ्यावं, दोर तरंगणारा वापरावा आणि यॉट मागे घेण्याआधी तो आखूड करावा, नाहीतर पंख्यात गुंततो.