मलमातला ओळखीचा गंध

कंबरेत उसण भरली किंवा गुडघे दुखू लागले, की घरातील मलमाची बाटली आठवते. तिचे झाकण उघडताच येणारा उग्र-गोड दर्प बहुधा मिथाइल सॅलिसिलेटचा असतो. हे एस्टर म्हणजे अ‍ॅस्पिरिनचे सख्खे भावंडच. विंटरग्रीनच्या पानांतून काढलेले तेल जवळजवळ संपूर्णपणे याचेच बनलेले असते. निलगिरी आणि खासी टेकड्यांत वाढणाऱ्या त्याच्या भारतीय जातीपासून मिळणाऱ्या तेलाला आपण गंधपुरा तेल म्हणतो.

वनस्पतींना या द्रव्याचा उपयोग निराळा. विषाणूची बाधा झालेले तंबाखूचे रोप ते हवेत सोडते आणि शेजारची निरोगी रोपे सावध होऊन आपला प्रतिकार वाढवतात, असे १९९७ साली दिसून आले. प्रयोगशाळेतही त्याला मान आहे. पाणी काढून टाकलेला ऊतींचा नमुना त्यात बुडवला, की द्रव आणि ऊती प्रकाशाला जवळजवळ सारखेच वाकवतात. त्यामुळे प्रकाश विखुरत नाही आणि नमुना पारदर्शक होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ श्पाल्टेहोल्ट्स यांनी अशा तेलांच्या साहाय्याने अखंड अवयव पारदर्शक केले.

आपल्या त्वचेवर ते प्रथम ऊब निर्माण करते. नंतर आत शोषले जाऊन त्याचे सॅलिसिलिक आम्ल होते आणि ते रक्तात मिसळते. म्हणूनच 'वरून तर लावायचे' ही समजूत अपुरी आहे. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या आजी-आजोबांनी असे मलम वरचेवर चोळल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे. लहान मुलांना ते लावू नये. जखमेवर लावू नये, तसेच लावल्यावर वरून शेकू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र पोटात जाण्याचा. शुद्ध तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांइतका हा डोस लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. गोड वासाला भुलून मुलाने बाटली तोंडाला लावल्यास त्याला उलटी करायला लावू नये. उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी ही लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये. बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

उशाशी ठेवलेली ती बाटली आजच उंच फडताळात, कुलपाआड ठेवा.