दोन सामने आणि विम्बल्डनचं दार

विम्बल्डन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं हिरवंगार गवत, पांढरेशुभ्र कपडे आणि शेवटच्या दिवशीची चकाकती ट्रॉफी. २०१५ मध्ये सानिया मिर्झाने मार्टिना हिंगिसबरोबर तिथे महिला दुहेरी जिंकली, तेव्हा टेनिसमधलं ओ की ठो न कळणाऱ्या बायकासुद्धा तिचं कौतुक करत होत्या.

पण मैत्रिणींनो, या झगमगाटाच्या आधीचा एक आठवडा असतो, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. महिला दुहेरीत ६४ जोड्या खेळतात. बहुतेक जोड्या क्रमवारीच्या जोरावर थेट येतात, काहींना आयोजक वाइल्ड कार्ड देतात. उरलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी पात्रता फेरी होती. १६ जोड्या, लागोपाठ दोन सामने जिंकायचे, की झालं! अशा चारच जोड्या आत जायच्या. आणि हे सामने विम्बल्डनच्या त्या प्रसिद्ध मैदानावर नव्हेच, तर काही मैलांवरच्या रोहॅम्प्टनला. म्हणजे विम्बल्डन खेळायला लंडनपर्यंत जायचं, हरलं तर विम्बल्डनचं गवत न तुडवताच परत! (कधीकधी आतली एखादी जोडी माघार घ्यायची, मग हरलेल्यांचंही नशीब उघडायचं. त्यांना ‘लकी लूझर’ म्हणतात. नाव मोठं गमतीचं आहे.)

दुहेरीचं गणितच वेगळं. दोघींच्या क्रमवारीची बेरीज धरतात. तुम्ही कितीही घाम गाळा, जोडीदारणीचा गुडघा दुखावला की दोघींची स्पर्धा संपली. बक्षिसाची रक्कम जोडीची म्हणून जाहीर होते, ती दोघींत वाटायची. विमान, हॉटेल, कोच हा खर्च मात्र ज्याचा त्याला. आपल्या बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने सानियाच्या साथीने २०१४ च्या एशियाडमध्ये ब्राँझ मिळवलं, २०१६ ला दोघी रिओ ऑलिंपिकही खेळल्या. एवढ्याशा गावातून तिथवर पोहोचायला किती वर्षं, किती पैसा लागत असेल, विचार करा.

२०१९ मध्ये विम्बल्डनने महिला एकेरीच्या पात्रता फेरीतल्या जागा ९६ वरून १२८ केल्या, अगदी पुरुषांइतक्या. छानच झालं. पण त्याच वर्षी दुहेरीची पात्रता फेरी मात्र बंद केली, पुरुषांची आणि महिलांचीही. मला हे काही पटलं नाही. एकेरीत नाव न झालेल्या कितीतरी मुली दुहेरीवरच उभ्या असतात. पात्रता फेरीत निदान रॅकेट हातात घेऊन भांडता तरी यायचं. क्रमवारी काहीही म्हणो, आज कोर्टावर जिंकलीस तर तू आत!

आता थोडक्यात हुकलेल्या जोड्या राखीव म्हणून थांबतात. कुणाचं मनगट दुखावतं, कुणाचा ताप उतरत नाही, मग यांचं नाव पुकारलं जातं. तोवर बॅग तयार ठेवायची आणि वाट बघायची.