मोडी कागदपत्रांचे वाचन
मोडी लिपीतील जुन्या हस्तलिखितांचा मजकूर व काळ निश्चित करण्याची पद्धती. मोडीत आधी शिरोरेषा आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. शब्द सुटे नसत व ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. त्यामुळे शब्द संदर्भावरून तोडावे लागतात. सन बहुधा अरबी संख्याशब्दांत असतो. उदा., ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११६१. हा सन मृगारंभी बदलतो. डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व त्यानंतर ६०० मिळविल्यास इसवी सन १७६०-६१, म्हणजे पानिपतच्या मोहिमेचे वर्ष, येते. अनेक पत्रांत केवळ चांद्र तारीख आढळते. तेथे मजकुरातील घटनांवरून सन ठरवितात. तो चुकल्यास घटनाक्रमच बिघडतो. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त प्रसिद्ध केली. साताऱ्याचा द. ब. पारसनीसांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.