पावसात तेरावा महिना

निवृत्त झाल्यावर लालबागच्या खोलीत बसून मी पायथॉन शिकायला घेतलं. तीस वर्षं खतावण्या लिहिल्या, त्यामुळे आकड्यांचं भय नव्हतं, कंसांचं होतं. पुतण्याने ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडून दिलं, म्हणजे काही इन्स्टॉल करायची कटकट नाही. तक्ता वाचायला पांडास, आलेख काढायला मॅटप्लॉटलिब. जॉन हंटर यांनी हे मॅटप्लॉटलिब लिहिलं ते अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पाहता यावेत म्हणून. माझी मागणी साधी: जुलै २००५चा पाऊस, सांताक्रूझ आणि कुलाबा, दिवसाला एक खांब.

प्रोग्राम अडला तो १३-०७-२००५वर. पांडास अमेरिकन पद्धतीने आधी महिना वाचतो. पहिल्या बारा तारखा त्याने बिनतक्रार गिळल्या होत्या, १ जुलैला ७ जानेवारी समजून, २ जुलैला ७ फेब्रुवारी. तेराव्याला म्हणाला, असा महिनाच नाही. दुष्काळात ऐकलं होतं, इथे भर अतिवृष्टीत तेरावा महिना! ‘डेफर्स्ट=ट्रू’ एवढं लिहिल्यावर सुटलं. पण तक्ता बारा तारखेलाच संपला असता तर? जुलैचा पाऊस वर्षभर शिंपडून मी खुशाल बसले असते. अडणारा प्रोग्राम परवडला.

मग शीर्षक मराठीत दिलं, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. देवनागरी फॉन्ट जोडला, तर ‘मिलिमीटर’मधल्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसल्या. शेवटी ‘पाऊस’ एवढंच लिहिलं.

खरी गंमत पुढे. शेजारी शेजारी दोन आलेख काढले, तर कुलाब्याचे खांबही सांताक्रूझइतकेच उंच. कारण प्रत्येक आलेख आपापली पट्टी धरतो. ज्याचा जो मोठा आकडा, तो छताला. ‘शेअरवाय=ट्रू’ लिहून दोघांना एकच पट्टी दिली आणि २७ तारखेपाशी हात थांबला. (२६चा पाऊस २७लाच दिसतो; नोंद सकाळी साडेआठची.) सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर. कुलाबा जेमतेम ७४, चिमूटभर.

२६च्या दुपारी मी कुलाब्याजवळ, फोर्टच्या ऑफिसात होते. सांताक्रूझजवळच्या कलिन्याहून बहिणीचा फोन आला, तर मी म्हणाले होते, “एवढं काय गं, पावसाळाच आहे.”

आलेख तिला पाठवला. उत्तर आलं: “ताई, आम्ही माळ्यावर बसलो होतो.”