विश्लेषण : केबल तुटली तर वेल्हे, भोरचे इंटरनेट कोणत्या वाटेने येईल?

पावसाळ्यात दरड कोसळली किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात केबलला लागला, की डोंगरी भागातील इंटरनेट बंद पडते. मग दाखले, सातबारा, बँकेचे व्यवहार, सगळेच अडते. दुसरी वाट आधीच जोडलेली असेल तर? हे प्रत्यक्ष खोदकाम न करता, एकही राउटर विकत न घेता लॅपटॉपवर तपासता येते. ‘नेटवर्क इम्युलेशन’चा हा सराव पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या नकाशावर कसा करायचा, ते पाहू.

मूळ अडचण काय?

केबल एका रांगेत टाकली, की मधला एक तुकडा तुटल्यावर पुढची सगळी गावे बंद पडतात. उपाय म्हणजे रिंग, म्हणजेच वर्तुळाकार जोडणी. एक बाजू तुटली तरी माहिती दुसऱ्या बाजूने फिरून येते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित ‘भारतनेट’ कार्यक्रमातही ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडण्यावर भर आहे.

सिम्युलेटर आणि इम्युलेटर यांत फरक काय?

सिम्युलेटर राउटरच्या वागण्याची नक्कल करतो. सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे त्याचे परिचित उदाहरण. नवशिक्यांसाठी ते सोपे आहे, पण त्यात ठरावीक आज्ञाच चालतात. इम्युलेटरमध्ये राउटरचे खरे सॉफ्टवेअरच आभासी यंत्रावर चालते. ‘जीएनएस-३’ हे अशा कामाचे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. मात्र त्यासोबत सिस्कोच्या राउटरचे सॉफ्टवेअर मिळत नाही, त्यासाठी परवाना लागतो. सरावाला ‘एफआरआर’ हे लिनक्सवर चालणारे मोफत राउटर सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

तयारी काय लागते?

आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एफआरआरचे पाच-सहा राउटर चालू शकतात. काही व्यावसायिक राउटरच्या सॉफ्टवेअरला मात्र एकट्यालाच कित्येक जीबी रॅम लागते. आधी लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ सुरू करावे. मग जीएनएस-३ आणि त्याचे आभासी यंत्र बसवून त्यात एफआरआरचे तयार साचे घ्यावेत.

राउटर कसे मांडायचे?

ही मांडणी फक्त सरावासाठी, रस्त्यांच्या आधारे केलेली आहे. तो कोणत्याही कंपनीच्या केबलचा नकाशा नाही. सुरुवातीला चार राउटर घ्या : पुणे, नसरापूर, वेल्हे आणि भोर. पुण्याहून नसरापूरला एक दुवा, तिथून एक वेल्ह्याला आणि एक भोरला. पुणे, वेल्हे आणि भोरच्या राउटरला एकेक आभासी संगणक जोडा.

प्रत्येक दुव्याला चार पत्त्यांचा छोटा गट द्यावा, त्यातले दोन वापरता येतात. उदाहरणार्थ, पुण्याच्या टोकाला १०.०.१.१ आणि नसरापूरच्या टोकाला १०.०.१.२. मग प्रत्येक राउटरवर ‘ओएसपीएफ’ सुरू करून त्याला जोडलेली सगळी नेटवर्क त्यात जाहीर करावीत. ओएसपीएफमुळे राउटर एकमेकांना आपापल्या दुव्यांची माहिती देतात आणि प्रत्येक जण स्वतः सर्वांत कमी खर्चाची वाट काढतो. शेजारी राउटरची स्थिती ‘फुल’ दिसली की जोडणी जमली. मांडणी साठवायला विसरू नये, नाहीतर राउटर बंद केल्यावर केलेले काम पुसले जाऊ शकते.

केबल ‘तोडल्यावर’ काय दिसते?

वेल्ह्याच्या संगणकावरून पुण्याला सतत पिंग सुरू ठेवा. नसरापूर-वेल्हे दुव्यावर राइट क्लिक करून तो ‘सस्पेंड’ करा. पिंगची उत्तरे थांबतात आणि दुवा पुन्हा सुरू करेपर्यंत येत नाहीत.

आता खानापूर हा पाचवा राउटर जोडा. वेल्ह्याहून पाबे घाटातून खानापूर आणि तिथून खडकवासल्यावरून पुणे, अशी रस्त्याने दुसरी वाट आहेच. तीच मांडली की रिंग पूर्ण होते. पुन्हा तोच दुवा तोडा. पिंग थोडा वेळ थांबते आणि खानापूरमार्गे परत सुरू होते.

पुढची चाचणी अधिक बोलकी आहे. या वेळी पुणे-नसरापूर दुवा तोडा. भोरची माहिती नसरापूरहून वेल्ह्याला, तिथून पाबे घाटाने खानापूरला आणि पुढे पुण्याला जाते. म्हणजे वेल्ह्यासाठी जोडलेली वाट भोरच्याही कामी येते. मात्र नसरापूर-भोर दुवा तोडला तर भोर एकटे पडते. रिंग जवळून गेली म्हणून गाव सुरक्षित होत नाही, गावाला स्वतःच्या दोन वाटा लागतात.

वाट बदलायला वेळ का लागतो?

ओएसपीएफमध्ये राउटर साधारणपणे दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला ‘हॅलो’ पाठवतो. ४० सेकंद काहीच आले नाही, तर शेजारी गेला असे मानतो. इम्युलेटरमध्ये दुवा तोडला तरी राउटरला त्याचे पोर्ट अनेकदा सुरूच दिसते, म्हणून तो पूर्ण ४० सेकंद थांबतो. प्रत्यक्षात फायबर तुटून प्रकाश बंद झाला की राउटरला बहुधा लगेच कळते. मध्ये दुसरे उपकरण असेल, तर मात्र तिथेही असाच उशीर होऊ शकतो. ‘बीएफडी’ ही सुविधा दोन्ही टोकांना सुरू केली की तुटलेला दुवा साधारण एका सेकंदात लक्षात येतो.

लांबच्या वाटेने इंटरनेट मंद होईल का?

अंतरामुळे नाही. फायबरमध्ये प्रकाशाला ५० किलोमीटर जायला सुमारे पाव मिलिसेकंद लागतो. प्रश्न क्षमतेचा आहे. दोन्ही तालुक्यांचा भार पाबे घाटातल्या एकाच केबलवर आला, तर ती पुरेल का? लॅपटॉपवर मोजलेला वेग खऱ्या उपकरणांना लागू होत नाही, त्यामुळे हे गणित वेगळे करावे लागते.

इम्युलेटर काय सांगत नाही?

जमिनीत काय आहे, ते. भोरला दुसरी वाट म्हणून शिरवळ हा सहावा राउटर जोडून तो नसरापूरला जोडला, तर पडद्यावर सगळ्या चाचण्या यशस्वी होतील. पण कापूरहोळहून येणारी आणि शिरवळहून येणारी, अशा दोन्ही वाटा कापूरहोळ ते नसरापूर या टप्प्यात पुणे-सातारा महामार्गानेच जातात. दोन्ही केबल एकाच चरात असतील, तर एकच जेसीबी दोन्ही तोडेल.

याची परीक्षाही लॅपटॉपवरच घेता येते. एकाच चरातून जाणारे दुवे कोणते, याची यादी करावी आणि ते एकाच वेळी सस्पेंड करावेत. ही यादी सॉफ्टवेअर देत नाही, ती रस्त्यावर फिरून आणि खोदकामाच्या नोंदी पाहूनच तयार होते. म्हणून आपल्या गावात ‘रिंग आली’ असे कुणी सांगितले, तर एक प्रश्न जरूर विचारावा : दोन्ही केबल वेगवेगळ्या रस्त्यांनी येतात का?