टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे जंत नाही?

शेजारचा कुत्रा सारखा खोकत होता. हार्टवर्मची टेस्ट निगेटिव्ह आली आणि सगळे निश्चिंत झाले. पण डासामुळे होणाऱ्या या रोगात टेस्ट जंत शोधतच नाही. हृदयापाशी राहणाऱ्या प्रौढ मादीने रक्तात सोडलेलं प्रथिन, म्हणजे अँटीजेन, शोधते. त्यामुळे डास चावल्यावर पहिले ५-६ महिने ती गप्पच असते.

खरी गंमत पुढे आहे. कधीकधी कुत्र्याच्याच अँटीबॉडीज अँटीजेनला इतक्या घट्ट बिलगतात की टेस्टला ते दिसतच नाही. सीरम १०४ अंश सेल्सिअसला १० मिनिटं तापवलं की ही मिठी सुटते! मात्र मग दुसऱ्या जंतांमुळेही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून तापवायचं ते शंका असेल तेव्हाच. शिवाय मायक्रोस्कोपखाली रक्तात बारीक अळ्याही शोधतात.