माहिती चौकट : झोपायची खोली रंगवा स्वतःच

बालाघाट जिल्ह्यातल्या हट्टा भागात मातीच्या भिंती सणाआधी छुई म्हणजे पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने पोतारायची कामं घरचीच माणसं करत आली. पक्क्या घरातली खोलीही घरच्यांना सहज रंगवता येते.

वेळ : पावसाळा सरून भिंती खडखडीत वाळल्यावर. नव्या प्लास्टरला किमान 28 दिवस द्या.

माप : 10 बाय 12 फूट खोली, उंची 10 फूट, म्हणजे भिंती 440 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता सुमारे 400. रंगाच्या दोन हातांसाठी साधारण 4 लिटर इमल्शन पुरतं.

तयारी : जुन्या चुन्यावर तळहात फिरवा. पांढरी भुकटी लागली तर खरवडून, पुसून काढा. नाहीतर नव्या रंगाचे पोपडे निघतील. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर.

क्रम : आधी छत, मग ब्रशने कोपरे, शेवटी रोलर. दोन हातांत किमान चार तास जाऊ द्या.

छटा : चुना ओला असताना फिका, पारदर्शक दिसतो, वाळल्यावर पांढराशुभ्र होतो. इमल्शन उलट वाळल्यावर किंचित गडद होतं. म्हणून आधी हातभर जागेवर लावून दिवसाउजेडी पाहा.

जपा : 2017 पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. तो कोरडा घासू नका, लेकरांना लांब ठेवा.